दोनशे वर्षांची रांग

हिशेब शाळकरी आहे. १९९८ साल सरत आलं तेव्हा रवांडाच्या तुरुंगांत सुमारे १,३०,००० माणसं होती. जवळपास सगळ्यांवर आरोप एकच, १९९४ च्या वंशसंहारात हात असल्याचा. डिसेंबर १९९६ मध्ये खटले सुरू झाले होते. दोन वर्षांत कोर्टांनी १,२९२ जणांचे निकाल लावले. वर्षाला ६४६. उरले १,२८,७०८. भागाकार केला की उत्तर येतं १९९ वर्षं.

रांगेतल्या शेवटच्या कैद्याच्या नावाचा पुकारा २१९८ च्या सुमारास झाला असता. तोवर आरोपी गेलेला, फिर्यादी गेलेला, आणि जिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ती बाईही गेलेली. साक्षीच्या पिंजऱ्यात तिच्या पणतीची नात उभी राहिली असती, पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेली गोष्ट सांगायला.

न्यायाबद्दल आपण एरवी तत्त्वांच्या भाषेत बोलतो. रवांडात हा प्रश्न आधी पाढ्यांच्या भाषेत समोर आला. गुन्हे किती, गुन्हेगार किती, न्यायाधीश किती आणि माणसाचं आयुष्य किती? या चार आकड्यांचा मेळ कुठेच बसत नव्हता. तो बसवण्यासाठी त्या देशाने जे केलं, ते आकड्यांतच समजून घ्यायला हवं. कारण तिथल्या यशाची आणि अपयशाचीही मुळं आकड्यांतच आहेत.

५८१ टन

रवांडा लहानसा देश. क्षेत्रफळ २६,३३८ चौरस किलोमीटर. आपले पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे जोडले तर जवळजवळ तेवढंच भरतं. हजार टेकड्यांचा देश म्हणून तो ओळखला जातो. १९९४ मध्ये लोकसंख्या सत्तर लाखांच्या वर होती. बहुसंख्य हुतू, अल्पसंख्य तुत्सी आणि थोडे त्वा. सगळ्यांची भाषा एक, किन्यारवांडा. एकाच टेकडीवर शेजारी शेजारी घरं, एकाच चर्चमध्ये प्रार्थना, आपसांत सोयरिकीसुद्धा. बेल्जियन राज्यकर्त्यांनी १९३३ पासून प्रत्येकाच्या ओळखपत्रावर तो हुतू की तुत्सी हे लिहायला सुरुवात केली. साठ वर्षांनी त्याच कागदावरून कोणाला मारायचं ते ठरलं.

६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष जुवेनाल हाब्यारिमाना यांचं विमान राजधानी किगालीवर पाडण्यात आलं. शेजारच्या बुरुंडीचे राष्ट्राध्यक्षही त्याच विमानात होते. काही तासांत शहरात नाकाबंदी झाली आणि ओळखपत्रं तपासली जाऊ लागली. पुढच्या शंभर दिवसांत आठ लाख माणसं मारली गेली, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. रवांडाच्या सरकारने नंतर मोजणी केली. तिचा आकडा १०,७४,०१७, आणि त्यातल्या ९,३४,२१८ जणांची ओळख पटली. लहान आकडा धरला तरी दिवसाला आठ हजार होतात. तासाला ३३३. दर अकरा सेकंदांना एक माणूस. देशात होते त्यांतले निदान तीन चतुर्थांश तुत्सी संपले, आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले हजारो हुतूही.

बंदुका होत्या, हातबॉम्ब होते, पण गावोगावचं हत्यार होतं कोयता. जानेवारी १९९३ ते मार्च १९९४ या काळात देशात आयात झालेल्या कोयत्यांचा हिशेब ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेच्या ॲलिसन दे फोर्ज यांनी कागदपत्रांवरून मांडला. तो भरला ५८१ टन. एक कोयता किलोभराचा धरला, तर दर तीन प्रौढ हुतू पुरुषांमागे एक नवा कोयता.

न्यायाच्या दृष्टीने हा आकडा मृतांच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. विमानातून बॉम्ब टाकला की एक माणूस हजारोंना मारू शकतो. कोयत्याचं तसं नाही. तो हातभर अंतरावरून चालतो, आणि लाखो माणसं मारायला लाखभर हात लागतात. अभ्यासक स्कॉट स्ट्राउस यांच्या अंदाजाने प्रत्यक्ष मारेकरी १,७५,००० ते २,१०,००० होते. शिवाय ज्यांनी लपलेल्यांचा ठावठिकाणा सांगितला, नाक्यावर पहारा दिला, किंवा मेलेल्यांच्या घरावरचे पत्रे उतरवून नेले, गाय दावणीची सोडून नेली, शेंगदाण्याची आणि घेवड्याची पोती उचलली, ते सगळे वेगळेच. बायकांवरच्या अत्याचारांचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज एक लाख ते अडीच लाखांचा आहे.

एवढ्या गुन्ह्यांचा निवाडा करायला मागे उरलं कोण?

२४४

संहारापूर्वी देशात साडेसातशेच्या आसपास न्यायाधीश होते. जुलै १९९४ नंतर मोजले तेव्हा उरले होते २४४. सरकारी वकील ७० होते, त्यांतले १२ राहिले. कुणी मारला गेला, कुणी परागंदा झाला, तर कुणी स्वतःच मारणाऱ्यांत सामील होता. कोर्टाच्या इमारती लुटल्या गेल्या होत्या. टेबलं नव्हती, टंकलेखन यंत्रं नव्हती, साधे कोरे कागदही नव्हते.

१,३०,००० कैद्यांना २४४ ने भागलं, तर प्रत्येक न्यायाधीशाच्या वाट्याला ५३३ कैदी येतात. आणि हे सगळे खून, बलात्कार, दरोड्याचे आरोपी. नेहमीच्या पद्धतीने चालवला तर यातला एकेक खटला महिनोन्‌महिने घेईल.

न्यायाला उशीर होतो म्हणजे काय होतं, हे गितारामाच्या तुरुंगात दिसलं. हा तुरुंग चारशे माणसांसाठी बांधलेला. १९९५ मध्ये तिथे सात हजारांवर कैदी होते. एका चौरस मीटरमध्ये चार. एक चौरस मीटर म्हणजे आपल्या घरातलं जेवणाचं लहान टेबल. तेवढ्या जागेत चार पुरुष दिवसरात्र राहणार, तेही उघड्या अंगणात, पावसात, घाणीत. झोपायला जागा नाही म्हणून पाळीपाळीने झोपायचं. ओल्या घाणीत सतत उभं राहून पाय सडायचे, कित्येकांचे पाय कापावे लागले. शेकडो कैदी खटल्याचा एकही कागद न पाहता मेले. त्यांत खुनी होते, आणि केवळ शेजाऱ्याने बोट दाखवलं म्हणून आत आलेलेही होते. कोण कुठला हे ठरवायला कोर्टच नव्हतं.

१९९६ मध्ये नवा कायदा झाला. गुन्ह्यांचे चार वर्ग पाडले: कट रचणारे आणि पुढारी, खून करणारे, जखमी करणारे, आणि मालमत्ता लुटणारे. गुन्हा कबूल करणाऱ्याला शिक्षेत सूट ठेवली. २४ एप्रिल १९९८ रोजी २२ जणांना जाहीरपणे गोळ्या घालून मृत्युदंड दिला गेला. जगभरातून विरोध झाला, आणि २००७ मध्ये रवांडाने मृत्युदंडच रद्द केला. पण रांग हलत नव्हती.

९३

जगाने काहीच केलं नाही असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने ८ नोव्हेंबर १९९४ रोजी ठराव क्रमांक ९५५ मंजूर करून रवांडासाठी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण स्थापन केलं. मतं पडली १३ विरुद्ध १, चीन तटस्थ. विरोधातलं ते एक मत खुद्द रवांडाचं होतं. त्या वर्षी रवांडा सुरक्षा समितीचा सदस्य होता. संहारानंतर आलेल्या नव्या सरकारला न्यायाधिकरण हवं होतं, पण ते मृत्युदंड देणार नव्हतं, आणि फक्त १९९४ या एका सालाच्या गुन्ह्यांपुरतंच त्याचं काम मर्यादित होतं. ते रवांडात बसावं असा आग्रह होता, तोही मान्य झाला नाही. ते बसलं टांझानियातल्या अरुषा शहरात.

अरुषातल्या कोर्टाने मोठी कामं केली, ती नाकारून चालणार नाही. २ सप्टेंबर १९९८ रोजी ताबा या कम्यूनचा, म्हणजे स्थानिक प्रशासकीय विभागाचा, प्रमुख जाँ-पॉल अकायेसू याला वंशसंहाराबद्दल दोषी ठरवण्यात आलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहाराचा गुन्हा सिद्ध मानल्याची जगातली ही पहिली वेळ. आणखी एक गोष्ट याच निकालात पहिल्यांदा मान्य झाली: बलात्कारही वंशसंहाराचं साधन असू शकतो. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेख नव्हता. साक्षी देताना बायका त्याबद्दल बोलल्या, न्यायपीठाने त्यांना पुढे विचारलं, आणि जून १९९७ मध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं. त्या पीठावर एकच स्त्री होती: भारतीय वंशाच्या दक्षिण आफ्रिकी न्यायाधीश नवनीतम पिल्ले. दोनच दिवसांनी, ४ सप्टेंबरला, संहाराच्या काळातले पंतप्रधान जाँ कांबांदा यांना जन्मठेप झाली. त्यांनी गुन्हा कबूल केला होता.

आता या कोर्टाचा ताळा पाहा. ३१ डिसेंबर २०१५ रोजी ते बंद झालं. २१ वर्षांत आरोपी ९३. शिक्षा झाली ६२ जणांना, सुटले १४. सुनावणीचे दिवस ५,८००, साक्षीदार तीन हजारांवर. खर्च जवळपास दोन अब्ज डॉलर, म्हणजे एका आरोपीमागे सव्वादोन कोटी डॉलरच्या आसपास.

हे ९३ जण डोंगराचं शिखर होते: मंत्री, सेनाधिकारी, रेडिओवरून चिथावणी देणारे. पण ज्या बाईचा मुलगा शेजाऱ्याने मारला, तिला पंतप्रधानाच्या जन्मठेपेने तिचा शेजारी भेटत नव्हता. अरुषा दुसऱ्या देशात होतं. तिथली भाषा फ्रेंच आणि इंग्रजी. तिची साक्ष दुभाष्याच्या तोंडून कागदावर जायची, आणि निकाल तिच्या टेकडीवर पोचायचा तो रेडिओच्या बातमीतून, पोचला तर.

१२,१०३

किन्यारवांडा भाषेत 'उमुचाचा' नावाचं एक मऊ गवत आहे. त्यावरून 'गचाचा' हा शब्द आला. आपल्याकडे पारावर पंच बसत, तसे रवांडात जुन्या काळी गावातले वडीलधारे गवतावर बसून जमिनीचे, गुरांचे, सोयरिकीचे तंटे सोडवत. खुनाचे खटले या गवतावर कधी चालले नव्हते. १९९८-९९ मध्ये सरकार, पुढारी आणि कायदेपंडित यांच्यात चर्चा झडल्या आणि विचार पुढे आला: वकील नाहीत, न्यायाधीश नाहीत, इमारती नाहीत, पण साक्षीदार प्रत्येक टेकडीवर आहेत. मग कोर्टच टेकडीवर न्यायचं.

जानेवारी २००१ मध्ये कायदा झाला. त्या ऑक्टोबरात गावोगाव निवडणुका झाल्या आणि लोकांनी आपल्यातूनच अडीच लाखांवर न्यायाधीश निवडले. त्यांना नाव दिलं 'इन्यांगामुगायो', म्हणजे अप्रामाणिकपणाचा तिटकारा असलेली माणसं. २००२ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ८१ लाख होती. तान्ही बाळं धरूनही दर ३२ माणसांमागे एक न्यायाधीश. त्यातले बहुतेक शेतकरी. बायकाही होत्या, ज्यांना जुन्या गचाचात निवाडा करायचा अधिकार नव्हता. काही दिवसांचं प्रशिक्षण मिळालं, पगार नाही. आठवड्यातला एक दिवस शेतीच्या कामातून वजा.

जून २००२ मध्ये चाचणी सुरू झाली, २००५ पासून काम देशभर पसरलं. रचना अशी होती: लहान प्रशासकीय घटक असलेल्या प्रत्येक सेलमध्ये एक, अशी ९,०१३ कोर्टं. त्यावरच्या सेक्टरमध्ये १,५४५. अपिलासाठी आणखी १,५४५. एकूण १२,१०३.

या आकड्यात एक गोष्ट दडली आहे. रवांडाचं राज्ययंत्र पार तळापर्यंत बांधलेलं होतं: प्रांत, कम्यून, सेक्टर, सेल आणि दहा-दहा घरांचा गट. १९९४ मध्ये मारण्याचे हुकूम याच शिडीवरून खाली उतरले, म्हणून तर शंभर दिवसांत ते प्रत्येक उंबऱ्यापर्यंत पोचले. दहा वर्षांनी न्याय त्याच शिडीवरून उतरवला गेला. मरण ९,०१३ ठिकाणी गेलं होतं, कोर्टही ९,०१३ ठिकाणी गेलं.

ते कोर्ट दिसायला कसं होतं? आठवड्यातला ठरलेला दिवस. सकाळी दुकानं बंद. हजर राहणं सक्तीचं. झाडाच्या सावलीत, मैदानात नाहीतर शाळेच्या पडवीत लोक जमतात, बरेचसे गवतावरच बसतात. समोर बाकावर न्यायाधीश. सुरुवातीच्या कायद्यात एका कोर्टाला १९, पुढे ९, शेवटी ७. त्यांच्या अंगावर राष्ट्रध्वजाच्या निळ्या-पिवळ्या-हिरव्या रंगाचा पट्टा. आधी मृतांसाठी सगळे उभे राहून स्तब्ध होतात. मग नियम वाचले जातात. तुरुंगातून आणलेला आरोपी गुलाबी गणवेशात उभा असतो. त्याला वकील नाही, सरकारी वकीलही नाही. त्याने बोलायचं, आणि मग जमलेल्यांपैकी कोणीही उठून विचारायचं: त्या दिवशी तू कुठे होतास? तुझ्याबरोबर कोण होतं? आमच्या घराचे पत्रे कोणी नेले? लिहिणारा वहीत हाताने सगळं उतरवून घेतो. शेवटी ते वाचून दाखवतात आणि सह्या किंवा अंगठे घेतात.

आणि बहुतेक बैठकांत एक प्रश्न ठरलेला असायचा. वाचलेल्या बाईला शिक्षा किती वर्षांची हे नंतर कळलं तरी चालणार होतं. तिला आधी हवं होतं ते एवढंच: माझी माणसं कुठे टाकलीत? कबुलीला सवलत होती, पण अर्धीमुर्धी कबुली चालायची नाही. मृतदेह कुठे आहे हेही सांगावं लागे. संडासाच्या जुन्या खड्ड्यांतून, केळीच्या बागांखालून, पाणथळीतून हाडं बाहेर निघाली ती अशा कबुल्यांमुळे. दहा-दहा वर्षांनी लोकांनी आपल्या माणसांचं रीतसर दफन केलं. अरुषातल्या दोन अब्ज डॉलरना हे जमणं शक्य नव्हतं, कारण ती माहिती फक्त शेजाऱ्याकडे होती.

१९,५८,६३४

१८ जून २०१२ रोजी गचाचा अधिकृतपणे बंद झालं तेव्हा निकाली निघालेल्या खटल्यांचा आकडा होता १९,५८,६३४. त्यातले पहिल्या वर्गातले, पुढाऱ्यांचे, ६०,५५२. खून आणि हल्ल्यांचे ५,७७,५२८. मालमत्तेचे १३,२०,५५४. आरोपी माणसं सुमारे दहा लाख. त्यांत मेलेले आणि देश सोडून पळालेलेही होते, पण संख्या २००२ च्या लोकसंख्येच्या आठव्या हिश्श्याएवढी भरते. अखेरच्या हिशेबात न्यायाधीश १,६९,४४२. खर्च चार ते पाच कोटी डॉलरच्या घरात. म्हणजे एका आरोपीमागे पन्नास डॉलर किंवा त्याहून कमी.

जुन्या कोर्टांच्या वेगाने, वर्षाला ६४६ या हिशेबाने, एवढे निकाल द्यायला ३,०३२ वर्षं लागली असती. तीन हजार वर्षं मागे गेलं तर गौतम बुद्धही जन्मायचे आहेत.

हा वेग ऐकून छाती दडपते, आणि मनात शंका येते: एवढ्या घाईत न्याय झाला की नुसता उरका? इथे पुन्हा भागाकार करून पाहावा. १९,५८,६३४ भागिले १२,१०३ कोर्टं: प्रत्येक कोर्टाला सरासरी १६२ खटले. सेलमधल्या कोर्टांकडे मालमत्तेचे खटले होते, ते प्रत्येकी १४७ च्या आसपास. सेक्टरच्या कोर्टांकडे खून आणि हल्ल्यांचे, प्रत्येकी सरासरी ३७४, म्हणजे सहा-सात वर्षांत दर आठवड्याला जेमतेम एखादा. देशाच्या नकाशावर जो आकडा अंगावर येतो, तो गावात उतरल्यावर माणसाच्या हातातला होतो. १६२ तंटे एका गावाला ठाऊक असतात. कोणाची गाय, कोणाची भिंत, कोणाचा मुलगा, हे सगळं तोंडपाठ असतं.

गचाचाचं सगळं मर्म माझ्या मते या भागाकारात आहे. दोनशे वर्षांची रांग एकाच दाराशी लागली होती. दारं बारा हजार झाली आणि रांग दहा वर्षांत सरली.

शून्य

पण भागाकाराने न्याय जवळ आणता येतो, निर्दोष करता येत नाही. या हिशेबात काही आकडे असे आहेत की त्यांनी मान खाली जाते.

निवडलेल्या न्यायाधीशांपैकी चाळीस हजारांहून अधिकांना काढावं लागलं, कारण साक्षी सुरू झाल्यावर त्यांची स्वतःचीच नावं संहारात पुढे आली. ज्याच्यावर आरोप आहे तोच आपल्या शेजाऱ्याला शिक्षा सुनावतोय, असं कित्येक ठिकाणी घडून गेलं. आरोपीला वकील मिळायचा नाही. जन्मठेपेपर्यंतची शिक्षा देणाऱ्या कोर्टात वकिलाला मज्जाव, ही गोष्ट कुठल्याही कायद्याच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करेल. जमिनीच्या जुन्या भांडणांतून खोटे आरोप झाले. साक्ष दिली म्हणून वाचलेल्यांचे खून झाले, आणि साक्ष देऊ नये म्हणून गावंच्या गावं गप्प राहिली. 'काही दिसलं नाही, काही ऐकलं नाही' हे उत्तर सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवायचं. २००८ नंतर बलात्काराचे खटलेही गचाचाकडे आले. सुनावणी बंद दाराआड होती, पण दाराआड बसलेले न्यायाधीश शेवटी गावातलेच. काहीजणींनी त्यापेक्षा गप्प राहणं पत्करलं. लुटलेल्या मालमत्तेचे निकाल लागले, तरी ज्याच्याकडे स्वतःचीच धड भाकर नाही तो गायीची भरपाई कुठून देणार? कितीतरी निकाल कागदावरच राहिले.

आणि एक आकडा शून्य आहे.

जुलै १९९४ मध्ये संहार थांबवला तो पॉल कागामे यांच्या नेतृत्वाखालच्या रवांडन पेट्रिऑटिक फ्रंटच्या फौजेने. पण त्या फौजेतल्या सैनिकांनीही नि:शस्त्र माणसं मारली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेसाठी रॉबर्ट गेर्सोनी यांनी १९९४ मध्येच पाहणी केली, आणि त्या वर्षी एप्रिल ते ऑगस्ट या काळात २५,००० ते ४५,००० माणसं या फौजेच्या हातून मेली असावीत असा अंदाज दिला. तो अहवाल त्या वेळी प्रसिद्ध होऊ दिला नाही. गचाचात या गुन्ह्यांचे खटले किती? एकही नाही. ते त्यांच्या कक्षेतच नव्हते. अरुषाच्या न्यायाधिकरणातही या बाजूचा एकही आरोपी उभा राहिला नाही. रवांडाच्या लष्करी कोर्टांत काही डझन सैनिकांवर खटले चालले, एवढंच.

ही दोन्ही पापं एका पारड्यात तोलता येणार नाहीत. एका बाजूला एक जमात मुळासकट उपटायचा कट होता, आणि त्याची बरोबरी कशाशीच होत नाही. पण ज्या हुतू बाईचा नवरा सैनिकांनी मारला, तीही त्याच मैदानात आठवड्याच्या आठवड्याला सक्तीने येऊन बसत होती. सगळ्यांच्या मृतांची नावं ती ऐकत होती, आणि तिच्या माणसाचं नाव घ्यायला तिथे मनाई होती. दुभंगलेल्या देशात कायद्याचं पहिलं काम दोन्ही बाजूंना एकाच मापाने मोजणं. तिथे माप आखूड पडलं, आणि जेवढं आखूड पडलं तेवढा दुभंग आत राहून गेला.

८५,०००

२०१८ च्या एप्रिलात किगालीजवळ, गासाबो जिल्ह्यातल्या काबुगा भागात, घरांखाली आणि अंगणांखाली सामूहिक कबरी सापडल्या. गचाचा बंद होऊन सहा वर्षं झाली होती, संहाराला चोवीस वर्षं. त्या जमिनीवर माणसं राहत होती. तिथे चुली पेटत होत्या, पोरं खेळत होती, आणि खाली काय आहे हे आसपासच्या काहींना ठाऊक होतं. खोदाई सुरू झाली ती थांबेचना. ४ मे २०१९ रोजी किगालीतल्या न्यान्झा स्मारकात जवळपास ८५,००० मृतांच्या अवशेषांचं दफन झालं. आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव एवढ्या वस्तीचं असतं.

म्हणजे बारा हजार कोर्टांपुढेही एवढी माणसं आली नाहीत. त्यांच्या शेजाऱ्यांनी तोंड उघडलं नाही. न्याय उंबऱ्यापर्यंत नेता येतो, पण उंबऱ्याच्या आतल्या माणसाला बोलायची भीती असेल तर कोर्ट अंगणातून रिकामं परततं. हे अपयश गचाचाच्या रचनेचं जितकं, तितकंच भीतीचं.

तरीही मला विचाराल तर माझा कौल गचाचाच्या बाजूने आहे. सदोष होतं, एका बाजूपुरतं होतं, वकिलाविना होतं. हे सगळं मान्य करूनही. कारण दुसरी वाट निर्दोष न्यायाची नव्हती. दुसरी वाट होती गितारामाचं ते अंगण: एका चौरस मीटरमध्ये चार माणसं, खुनी आणि निरपराध एकत्र, आणि २१९८ सालची तारीख. किंवा सरसकट माफी, म्हणजे बाईने आपल्या मुलाच्या मारेकऱ्याला रोज विहिरीवर पाहायचं आणि एक शब्दही विचारायचा नाही. या दोन्हींपेक्षा गवतावर बसून विचारलेला प्रश्न, अडखळत दिलेलं उत्तर आणि केळीच्या बागेतून निघालेली हाडं, हा न्याय मोठा आहे.

सीरिया, सुदान, काँगो, म्यानमार: दुभंगलेल्या देशांची यादी लांबतेच आहे. उद्या तिथे कुठलंतरी कोर्ट स्थापन होईल, बातमी येईल, इमारतीचं छायाचित्र येईल. तेव्हा वाचकहो, तीनच प्रश्न विचारा. हे कोर्ट किती जणांचे खटले किती वर्षांत चालवणार? ज्या बाईचं माणूस गेलं तिच्या घरापासून ते किती अंतरावर? आणि कोणत्या बाजूचे मृत या हिशेबातून वगळले आहेत? पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोनशे वर्षं येत असेल, तर पुढचं काहीच विचारू नका. त्या रांगेला न्याय म्हणू नका.